‘टाळा’ म्हटलंत, पण त्या जागी काय? रुग्णांसाठी आहारपत्रक लिहिणाऱ्या तज्ज्ञ समितीला खुलं पत्र

माननीय सदस्यहो,

स.न.वि.वि.

आपण नव्याने काढलेलं चार पानी आहारपत्रक माझ्यासमोर आहे. हृदयविकाराच्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णाला घरी सोडताना ते हातात देतात. तसंच ते माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हातात आलं. आधीच्या पत्रकात मेदाम्लांचा, म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या मूळ घटकांचा, एक तक्ता होता: संपृक्त (तूप-लोण्यात जास्त असणारी) कोणती, असंपृक्त (बहुतेक तेलांत जास्त असणारी) कोणती, कशाऐवजी काय घ्यावं. तो ‘रुग्णांना समजत नाही’ म्हणून आपण काढून टाकलात. त्या जागी आता एक ठळक चौकट आहे. चौकटीत सूक्ष्मदर्शकाखालचे दोन फोटो आहेत. डावीकडे एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी, उजवीकडे गोल होऊन तळापासून सुटलेल्या. खाली मजकूर: ‘संपृक्त मेदाम्ले रक्तवाहिन्यांच्या पेशी मारतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. ओमेगा-६ मुळे त्यांना सूज येते. सर्व स्निग्ध पदार्थ शक्य तितके टाळा.’

उजवीकडचा फोटो मला नवा नाही. गेली सतरा वर्षं मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या पेशी वाढवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांचं माध्यम, म्हणजे पोषक द्रव, बदलायचं आणि पुष्कळदा त्यांना पद्धतशीर मारायचं, हे माझं रोजचं काम. आपण छापलेला नेमका तो फोटो माझ्या हातचा नसेल, पण तसे कित्येक मी काढून दिले आहेत. म्हणून त्या चौकटीत काय लिहायचं राहून गेलंय ते मला सांगता येतं. आणि अण्णांची मुलगी आहे म्हणून गप्पही बसवत नाही.

अण्णा आयुष्यभर हिशेब तपासत आले. कागद हातात आला की पेन्सिल काढायची, ही त्यांची सवय. त्यांनी ‘मारतात’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि त्या दिवसापासून ताटातला स्निग्धांश जवळजवळ शून्यावर आणला. तेल बंद, सुकामेवा बंद, मासे बंद. पण माणसाला भूक लागतेच. ती भागवायला घरात जे ‘फॅट-फ्री’ होतं ते पुढे आलं: मैदा, साखर, गोड पेयं. तीन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी, आधीपेक्षा वर गेलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘खाण्यात काय बदल केलात?’ अण्णांनी खिशातून आपलं पत्रक काढून दाखवलं.

या अस्तराला आपण महत्त्व दिलंत, त्याबद्दल माझी तक्रार नाहीच. उलट आनंद आहे. एका पेशीच्या जाडीचा हा थर कित्येक वर्षं नुसता आतला गिलावा समजला जायचा. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की सशाच्या महाधमनीचा तुकडा ॲसिटिलकोलीन हे रसायन घातल्यावर सैल पडतो, पण आतलं अस्तर घासून काढलं तर पडत नाही. याचा अर्थ, सैल होण्याचा हुकूम अस्तरच देतं. हा हुकूम म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढच्या काही वर्षांत कळलं आणि १९९८ साली त्या कामाला नोबेल मिळालं. जाता जाता सांगते, त्या शोधाची सुरुवात त्यांच्या तंत्रज्ञाच्या हातून प्रयोगाचा क्रम चुकल्यामुळे झाली. आमच्या पंथातली मंडळी ही गोष्ट एकमेकांना आवडीने सांगतात.

तर अस्तर महत्त्वाचं आहे, आणि आपण काय खातो याचा त्याच्यावर परिणाम होतो, हेही खरं. १९९७ साली १० निरोगी माणसांना सुमारे ५० ग्रॅम स्निग्धांशाचं एकच जेवण दिलं आणि दंडाची धमनी अल्ट्रासाउंडवर पाहिली. दंडावर पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी काही टक्क्यांनी रुंदावते. जेवणानंतर काही तास हे रुंदावणं निम्म्यावर आलेलं दिसलं. माणसं मोजकीच होती, पण प्रयोग माणसांवरचा होता. तो आपल्या पत्रकात कुठेच नाही. आहेत ते प्लेटमधल्या पेशींचे फोटो.

पहिली तक्रार त्याच फोटोंची. ती जरा लांबेल, कारण इथे मी पाहिलेलं सांगते आहे.

पामिटिक आम्ल हे सोळा कार्बनांचं सरळसोट, संपृक्त मेदाम्ल. एरवी मेणासारखं घट्ट. वितळायला साधारण ६३ अंश सेल्सिअस लागतात. पेशी तर ३७ अंशांवर राहतात. म्हणून आम्ही त्याचा क्षार घेतो, ७० अंशांच्या आसपास तापवतो आणि गरम असतानाच थेंबाथेंबाने अल्ब्युमिनच्या, म्हणजे रक्तात मेदाम्लं वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या, द्रावणात सोडतो. हात जरा संथ पडला की नळीत पांढरट ढग धरतो. मग ते सगळं ओतून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नीट जमलं तर ते माध्यमात मिसळून पेशींवर घालायचं. पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडून प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली की फरशी बसवल्यासारखा थर विरलेला असतो, पेशींचे गोळे तरंगत असतात. हाच आपला उजवीकडचा फोटो.

हे खोटं नाही. पामिटिक आम्ल पेशीत साचलं की त्यापासून सेरामाइड नावाचा मेदयुक्त रेणू बनतो, त्याने नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराचं (एंझाइमचं) काम मंदावतं, दाहाचे संदेश चालू होतात, पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे चिकट रेणू पृष्ठभागावर येतात. पण आता त्या प्लेटमध्ये काय नव्हतं ते ऐका. रक्तात अल्ब्युमिन भरपूर असतं. एरवी त्याच्या एका रेणूमागे मोकळ्या मेदाम्लाचा एक रेणूही पुरता येत नाही. प्लेटमध्ये आम्ही एकामागे तीन, पाच, कधी सहा ठेवतो, कारण परिणाम दोन दिवसांत दिसायला हवा असतो. शिवाय आम्ही पामिटिक एकटंच घालतो. माणसाच्या रक्तात ते एकटं कधीच नसतं, जोडीला ओलिइक, लिनोलेइक अशी असंपृक्त मंडळी असतातच. आणि गंमत अशी, की त्याच प्लेटच्या शेजारच्या खान्यात तेवढंच पामिटिक घालून जोडीला ओलिइक आम्ल दिलं, तर बहुतेक पेशी जगतात. ओलिइक सोबत असलं की पेशी पामिटिकचं ट्रायग्लिसराइड करून ते बारीक थेंबांच्या रूपात बाजूला ठेवून देते. हा तिसरा फोटो प्रत्येक प्रयोगशाळेकडे असतो. आपल्या चौकटीला तो चालला नसता, कारण तो चौकटीखालच्या मजकुराशी भांडतो.

आणखी एक गोष्ट. जेवणातला स्निग्धांश अस्तरापाशी मोकळ्या मेदाम्लाच्या रूपात येऊन आदळत नाही. आतड्यात त्याचं पुन्हा ट्रायग्लिसराइड होतं, कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरलं जातं, लसिकेच्या वाटेने रक्तात येतं. मग स्नायू आणि चरबीतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर टांगलेलं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर ते जागेवर कातरतं आणि सुटलेली बहुतेक मेदाम्लं अस्तराच्या पेशी ओलांडून पलीकडच्या पेशींकडे जातात. अस्तर इथे दारावरच्या हमालासारखं काम करतं; माल त्याच्या अंगाखांद्यावरून जातो, पण त्याच्या स्वतःच्या ऊर्जेचा मोठा भाग ग्लुकोजमधून येतो. मिश्र जेवणानंतर रक्तातली मोकळी मेदाम्लं उलट कमी होतात, कारण वाढलेलं इन्सुलिन चरबीच्या पेशींना ‘आता सोडू नका’ म्हणून बजावतं. ती वाढलेली दिसतात उपाशीपोटी, किंवा जिथे इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं झालेलं असतं तिथे. म्हणजे आमची प्लेट जेवलेल्या माणसापेक्षा बिघडलेल्या चयापचयाच्या जास्त जवळची आहे. ‘अमुक खाल्लं की तमुक पेशी मेल्या’ असं वाक्य तिच्यावरून लिहिता येत नाही.

संपृक्त मेदाची वकिली करायला मी हे पत्र लिहीत नाही. तो एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढवतो, आणि एलडीएल अस्तराखाली शिरून साचतं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेली मर्यादा, एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपर्यंत संपृक्त मेद, मला पटते. मर्यादा सांगा. मारलेल्या पेशींचा फोटो दाखवून भीती घालू नका.

दुसरी तक्रार ओमेगा-६ बद्दलच्या वाक्याची. त्याने जास्त नुकसान होतं असं मला वाटतं.

ओमेगा-६ गटातलं मुख्य मेदाम्ल म्हणजे लिनोलेइक आम्ल. ते अस्तराच्या पेशींवर घातलं की दाहाचे संदेश वाढतात, असं दाखवणारे प्रयोग आहेत; डुकराच्या रक्तवाहिन्यांतून काढलेल्या पेशींवर असं बरंच काम झालेलं आहे. आपण बहुधा तिथूनच ते वाक्य उचललंत. पण माणसांकडे पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. २०१९ साली १३ देशांतल्या ३० अभ्यासांतले सुमारे ६८ हजार लोक एकत्र घेऊन त्यांच्या रक्तातलं आणि ऊतींतलं लिनोलेइक आम्ल तपासलं गेलं. ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांच्यात हृदयरक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू कमी होते. लिनोलेइकपासून शरीरात बनू शकणाऱ्या ॲराकिडोनिक आम्लाचंही तेच. त्याच्या जास्त पातळीशी जास्त धोका जोडलेला दिसला नाही. तसंही ॲराकिडोनिक आम्ल म्हणजे निव्वळ दाहाचा कच्चा माल नव्हे. १९७६ साली सापडलेलं प्रोस्टासायक्लिन, जे अस्तर स्वतः बनवतं आणि ज्यामुळे प्लेटलेट (रक्ताची गुठळी करणाऱ्या कणिका) एकमेकींना चिकटत नाहीत, ते त्यापासूनच तयार होतं.

चर्चा इथे संपलेली नाही, हे मीही जाणते. १९६०-७०च्या दशकांतल्या एकदोन जुन्या चाचण्यांचे निष्कर्ष या बाजूने नाहीत आणि त्यांवर अजून वाद होतात. पण प्लेट एक सांगते आणि माणसं दुसरंच सांगतात, अशा वेळी रुग्णाच्या पत्रकात प्लेटचं वाक्य छापायचं, हा निवाडा समितीने कोणत्या आधारावर केला?

तिसरी तक्रार म्हणजे या पत्राचं शीर्षक. आपल्या चार पानांत ‘टाळा’ हा शब्द मी अकरा वेळा मोजला. ‘त्याऐवजी’ एकदाही नाही.

खाणं म्हणजे वजाबाकी नव्हे. एक जिन्नस ताटातून गेला की दुसरा येतो, आणि परिणाम ठरतो तो त्या जोडीवर. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा संपृक्त मेदाच्या जागी बहु-असंपृक्त मेद (लिनोलेइक आणि ओमेगा-३ याच गटातले) आणल्यास हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. त्याच संपृक्त मेदाची जागा मैदा-साखरेने घेतली तर असा फायदा दिसत नाही. अण्णांनी नेमकं हेच दुसरं केलं होतं, आपलं पत्रक तंतोतंत पाळून. यात आणखी एक दुष्टपणा लपलेला आहे. जादा साखर मिळाली की यकृत तिच्यापासून मेदाम्ल तयार करतं, आणि मुख्यतः जे तयार होतं ते पामिटिकच. ज्याला घाबरून त्यांनी तेल सोडलं, तेच त्यांचं यकृत साखरेतून बनवत बसलं होतं! हे समजावून सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अगं, हे लिहायला एक ओळ पुरली असती.’

चौथी: ट्रान्स मेद, म्हणजे मुख्यतः वनस्पती तेलांवर हायड्रोजनची प्रक्रिया करून ती घट्ट करताना तयार होणारा मेद. पत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात, ‘ट्रान्स मेद असलेले पदार्थही टाळावेत’. त्या ‘ही’वर माझा आक्षेप आहे. या सगळ्या विषयात पेशी, अस्तराची चाचणी आणि रुग्णसंख्या तिन्ही एकाच सुरात बोलतात अशी जागा कुठली असेल तर ती हीच. २००१ साली २९ जणांना चार-चार आठवडे दोन आहार दिले गेले. एकात संपृक्त मेद होता, दुसऱ्यात त्याच्या बऱ्याचशा भागाच्या जागी ट्रान्स. दंडाच्या धमनीचं रुंदावणं संपृक्त आहारात ६.२ टक्के होतं, ट्रान्स आहारात ४.४ टक्के. म्हणजे आपण ज्याला खलनायक केलंत, त्याच्यापेक्षाही वाईट. ट्रान्स जास्त खाणाऱ्यांच्या रक्तात अस्तर चिडल्याच्या खुणा, ते चिकट रेणू, जास्त आढळले आहेत. एकूण ऊर्जेच्या २ टक्के ऊर्जा ट्रान्समधून आली तर हृदयविकाराचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त, असा २००६ सालचा एकत्रित हिशेब आहे. डेन्मार्कने २००३ मध्येच मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून औद्योगिक ट्रान्स मेद जगाच्या अन्नातून हद्दपार करायची मोहीम चालवली. आणि आपल्या पत्रकात त्याला तळाची ओळ.

रुग्णाने वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ हे शब्द शोधावेत, एवढं तरी सांगायचं होतं. कित्येकदा वेष्टनावर एका वाढपाचा आकडा शून्य दाखवलेला असतो, कारण ठरावीक मर्यादेखालचा अंश शून्य लिहायची मुभा पुष्कळ नियमांत आहे. चार वाढपं खाणाऱ्याच्या पोटात तो शून्य राहत नाही.

पाचवी तक्रार छोटी. ‘ओमेगा-३ च्या गोळ्या अस्तराची दुरुस्ती करतात’ हे वाक्य काढा. डीएचए हे माशांच्या तेलातलं ओमेगा-३ मेदाम्ल घातलेल्या पेशींवर चिकट रेणू कमी येतात, हे १९९४ साली माणसाच्या अस्तर-पेशींवर दाखवलं गेलं आणि ते मी स्वतःही पाहिलं आहे. पण रोज एक ग्रॅमच्या गोळीची २०१८ साली आलेली मोठी परीक्षणं मुख्य कसोटीवर उतरली नाहीत. त्याच वर्षी ४ ग्रॅम शुद्ध ईपीएच्या (दुसऱ्या एका ओमेगा-३ मेदाम्लाच्या) औषधाने फायदा दाखवला. पुढे २०२० मध्ये ईपीए-डीएचएच्या मिश्रणाने नाही दाखवला. आणि मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा, एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो. हृदयरुग्णाच्या पत्रकात हे गाळणं मला बेफिकिरीचं वाटतं. मासे, अक्रोड, जवस खाणं वेगळं आणि दुकानातून डबा आणणं वेगळं.

तक्ता का काढला, याचं आपलं कारण मी पुन्हा वाचलं: ‘रुग्णांना समजत नाही.’ अण्णांना चौरेचाळीस वर्षं ताळेबंद समजत होते. जुन्या पत्रकाची प्रत एका शेजाऱ्यांकडे मिळाली, ती त्यांनी दहा मिनिटांत वाचून संपवली आणि मला तीन प्रश्न विचारले. तिन्ही योग्य होते. एकाचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी वाचून द्यावं लागलं.

आमची मागणी अशी. आमची म्हणते, कारण अण्णांनीही हे वाचून त्यात भर घातली आहे.

दुसऱ्या पानावरची चौकट फोटोंसकट मागे घ्या. छापून झालेल्या प्रती वाटणं थांबवा. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक ‘टाळा’समोर ‘त्याऐवजी’ लिहा, निदान एका शब्दात. जो दावा कराल त्याच्यापुढे तो पेशींवरचा आहे, प्राण्यांवरचा आहे की माणसांवरचा, हे छापा. तीन खुणा पुरतील. ट्रान्स मेद पहिल्या पानावर आणा. गोळ्यांचं वाक्य काढा, किंवा धोक्यासकट लिहा. जुना तक्ता सोपा करून परत द्या. आणि अण्णांची भर: छापण्याआधी मसुदा पाच रुग्णांना वाचायला द्या, आणि ‘यावरून उद्या तुम्ही काय खाल?’ एवढंच विचारा.

तक्ता सोपा करायला मदत हवी असेल तर मी सुट्टीच्या दिवशी बसायला तयार आहे. प्लेटचे फोटो हवे असतील तर तेही देईन, पण तिन्ही एकत्र छापायचे या अटीवर.

पत्रासोबत आपल्या पत्रकाची अण्णांकडची प्रत जोडते आहे. पेन्सिलीच्या खुणा पुसलेल्या नाहीत. ‘मारतात’च्या खालच्या दोन रेघा तशाच आहेत, शेजारी समासात त्यांनी नंतर लिहिलंय, ‘किती? कुठे? कशासोबत?’ समितीच्या पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून मिळावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
पेशीसंवर्धन प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ